होमस्कूलिंग: राज्य काहीच विचारत नसेल, तर पालकांनी काय करावे?

धागाप्रवर्तक, एडिसन (न्यू जर्सी):
अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांना घरी शिकवता येते, मात्र त्यासाठीचे नियम राज्यागणिक इतके बदलतात की एका राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला दुसऱ्या राज्यात अंगाशी येऊ शकतो. आमच्या न्यू जर्सीत 6 ते 16 वर्षांच्या मुलाने शाळेत जावे किंवा त्याला अन्यत्र समतुल्य शिक्षण मिळावे, एवढेच कायदा म्हणतो. पूर्वसूचना, अभ्यासक्रमाची मंजुरी, परीक्षा यांपैकी काहीही लागत नाही. त्यामुळे आपल्या अनेक पालकांचा समज होतो की नोंदी ठेवण्याचेही कारण नाही. मुलीला घरी शिकवणाऱ्या मासा दांपत्याविरुद्ध इथेच चाललेल्या 1967 च्या खटल्यात समतुल्यता केवळ अभ्यासापुरती पाहावी, शाळेतला सहवास त्यात धरू नये, असा निकाल लागला खरा. पण प्रकरण न्यायालयात गेलेच, तर शिक्षण दिल्याचा पुरावा पालकांनाच पुढे करावा लागतो, हेही त्याच निकालात आहे. शिवाय मूल सरकारी शाळेच्या पटावर असताना नाव काढत असल्याचे पत्र न देता त्याला घरी ठेवले, तर शाळा ती विनापरवानगी गैरहजेरीच मानणार. माझ्या मते राज्याने वर्षातून एकदा तरी अहवाल मागायलाच हवा.

प्रतिसाद, डॅलस (टेक्सास):
पुराव्याबद्दल आपण लिहिले ते योग्यच आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात पटत नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये लीपर खटल्यात घरच्या शाळेला खाजगी शाळेचे स्थान दिले. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगले नागरिकत्व हे पाच विषय लिखित किंवा दृश्य साधनांनी, प्रामाणिकपणे शिकवावेत, एवढीच इथली अपेक्षा आहे. मूल ही केवळ राज्याची निर्मिती नव्हे, हे तर अमेरिकेच्या केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने 1925 मध्येच स्पष्ट केले आहे. आपण मंडळी शिक्षण मंडळाच्या गुणपत्रिकांवर वाढलो, म्हणून सरकारी शिक्का दिसला की आपला जीव भांड्यात पडतो. ज्याला मुलाकडे दुर्लक्षच करायचे आहे, तो अहवालही खोटाच लिहील. जाच होईल तो नीट शिकवणाऱ्यांना.

प्रतिसाद, फिलाडेल्फियाजवळून (पेन्सिल्वेनिया):
डॅलसकर काका, हा 'जाच' आम्ही दरवर्षी करतो. नोटरीसमोर केलेले ॲफिडेव्हिट 1 ऑगस्टपर्यंत स्कूल डिस्ट्रिक्टकडे (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे) द्यावे लागते आणि घरातील प्रौढांपैकी कोणालाही गेल्या पाच वर्षांत ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेली नाही, हे त्यात शपथेवर लिहावे लागते. हे एक वाक्यच मला सगळ्या कागदपत्रांत महत्त्वाचे वाटते, कारण घरी असलेल्या मुलाकडे रोज पाहणारी शिक्षिका नसते. वर्षाला 180 दिवस किंवा प्राथमिक स्तरावर 900 तास शिक्षण, तिसरी, पाचवी व आठवीत प्रमाणित चाचणी, आणि वापरलेल्या पुस्तकांची नोंद व मुलाच्या कामाचे नमुने असलेला पोर्टफोलिओ, असा एकूण प्रकार आहे. विषयांच्या यादीत आगीपासून संरक्षणही आहे, त्यामुळे आमच्या फायलीत धाकटीने काढलेला, घराबाहेर पडण्याच्या दोन वाटा दाखवणारा नकाशा दरवर्षी असतो. हा पोर्टफोलिओ पाहून मुलाचे वार्षिक मूल्यमापन करणाऱ्या बाईंनी गेल्या वर्षी मुलाने सोडवलेली अपूर्णांकांची गणिते बाजूला ठेवून त्यातलेच एक त्याला तोंडी समजावून सांगायला लावले, तेव्हा तो कुठे अडखळतो हे मला प्रथमच नीट दिसले.

प्रतिसाद, जर्सी सिटी:
या व्यवस्थेचे इतके कौतुक करण्याआधी एक गोष्ट नमूद करावी लागेल. ती मूल्यमापक पालकच निवडतात आणि तिचे मानधनही पालकच देतात. पेन्सिल्वेनियाच्या कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीनंतर पोर्टफोलिओ सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाकडे, जातही नाही, फक्त तिचे प्रमाणपत्र जाते. म्हणजे नियम कडक दिसले, तरी मुलाला भेटणारी व्यक्ती पालकांच्या पसंतीचीच. मग धागाकर्तीला हवा असलेला वार्षिक अहवाल नेमका कोण वाचणार आणि वाचून काय करणार, हे आधी सांगावे.

धागाप्रवर्तक:
आक्षेप रास्त आहे. अहवालाचा हट्ट मी सोडत नाही, पण तो तपासण्यासाठी डिस्ट्रिक्टने स्वतःचा माणूस नेमावा, ही अट त्यात घालते.

प्रतिसाद, पुणे (पूर्वी न्यू जर्सी):
वाद राज्य विरुद्ध पालक असा चालला आहे, म्हणून भारतात परतणाऱ्यांसाठी थोडे वेगळे लिहितो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे 6 ते 14 या वयात मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद आहे. खरी अडचण नववीपासून पुढे येते, कारण तिथे शाळा मागील इयत्तेचा दाखला मागते आणि न्यू जर्सी घरी शिकलेल्या मुलाला तसा कोणताही कागद देत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसण्याचा मार्ग आहे, त्यासाठी वयाची 14 वर्षे पूर्ण असावी लागतात. तोवर विषयवार नोंदी, वापरलेल्या पुस्तकांची यादी आणि एखाद्या प्रमाणित चाचणीचा निकाल, राज्याने मागितला नाही तरी, हाताशी ठेवावा.