विक्रीपूर्वीचे नूतनीकरण: कोणत्या कामाचे पैसे घराच्या किमतीत परत येतात?

उंबरठा:

नमस्कार. आमची सदनिका २५ वर्षे जुनी आहे. चार-पाच वर्षांत ती विकून मोठे घर घ्यायचे आमच्या मनात आहे, तोवर मात्र आम्ही याच घरात राहणार आहोत. नूतनीकरणासाठी काही रक्कम बाजूला ठेवली आहे, परंतु इच्छांची यादी त्या रकमेहून बरीच मोठी झाली आहे. स्वयंपाकघर पूर्ण नवे करणे, दोन्ही स्नानगृहे बदलणे, घरभर नवी फरशी घालणे, दिवाणखान्यात फॉल्स सीलिंग करणे, जुन्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या खिडक्या बसवणे आणि दोन लहान शयनकक्षांमधली भिंत पाडून एक प्रशस्त खोली करणे, अशी ती यादी आहे. एका स्नानगृहामागच्या भिंतीला ओल येते आणि तिथला रंग कितीही वेळा काढला तरी त्याचे पोपडे निघतात. वायरिंग मूळचेच आहे, पण त्याची आजवर कोणतीही तक्रार नाही.

जे कंत्राटदार घर पाहून गेले, त्यांपैकी प्रत्येकाने स्वतः जे काम करतो तेच सर्वांत फायद्याचे असल्याचे सांगितले. फरशीवाल्याच्या मते फरशी आणि सुताराच्या मते स्वयंपाकघर. यांपैकी कोणत्या कामांमुळे घराची किंमत खरोखर वाढते आणि कोणती कामे केवळ आपल्या हौसेची समजावीत, हे जाणकारांनी सांगावे.

मोजपट्टी:

मी घरांच्या मूल्यांकनाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे आमच्या बाजूने हा प्रश्न कसा दिसतो ते सांगतो. मूल्यांकन करताना आम्ही प्रथम त्याच परिसरात नुकत्याच विकल्या गेलेल्या, साधारण त्याच क्षेत्रफळाच्या आणि तितक्याच खोल्यांच्या घरांचे व्यवहार पाहतो आणि मग समोरच्या घरातील फरकांनुसार तो आकडा थोडा वर किंवा खाली सरकवतो. क्षेत्रफळ, खोल्यांची संख्या, मजला, उजेड, इमारतीची अवस्था आणि मंजूर नकाशाशी असलेला मेळ यांचा प्रभाव मोठा असतो. आतील सजावटीचा प्रभाव असतो, परंतु मालकाला वाटतो त्याच्या तुलनेत तो फारच कमी असतो.

यातून निघणारी पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक परिसराला किमतीची एक वरची मर्यादा असते. त्या इमारतीतील सर्वांत चांगले घर ज्या किमतीला गेले, तिच्या फार वर जाण्याची ग्राहकाची तयारी नसते, कारण तेवढ्या पैशांत त्याला अधिक चांगल्या परिसरात घर मिळू शकते. आपले घर सध्या त्या मर्यादेच्या किती खाली आहे, तेवढाच वाव नूतनीकरणाला आहे, असे समजावे. तो अंतराचा आकडा कोणतेही काम ठरवण्यापूर्वी काढावा. त्यासाठी त्याच इमारतीत किंवा लगतच्या इमारतींत सुधारणा केलेले आणि न केलेले घर कोणत्या किमतीला गेले, ते दोन-तीन दलालांकडे स्वतंत्रपणे विचारावे आणि दस्तांतील किमती पाहता येत असतील तर त्याही पाहाव्यात. जाहिरातीतील किंमत ही विक्रेत्याची अपेक्षा असते, तिच्यावर हिशेब बांधू नये.

दुसरी गोष्ट कामांच्या प्रकाराविषयी आहे. काही कामांमुळे किंमत वाढते, तर काही कामांमुळे ती कमी होण्याचे कारण नाहीसे होते. पैसे परत मिळण्याच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकारची कामे जवळजवळ नेहमीच सरस ठरतात. ओल दिसली की ग्राहक दुरुस्तीच्या खर्चाइतकीच सूट मागून थांबत नाही. आत आणखी काय बिघडले असेल ते त्याला ठाऊक नसते, म्हणून तो भीतीपोटी त्याच्या कितीतरी पट रक्कम वजा करतो किंवा घर पाहून परत फिरकतच नाही. आपल्या यादीत जी गोष्ट तक्रार म्हणून ओझरती आली आहे, ती माझ्या मते पहिल्या क्रमांकावर असावी.

भिंत पाडण्याचे काम मात्र विसरावे. ग्राहक शोध घेतो तोच मुळी शयनकक्षांच्या संख्येवरून, आणि एक शयनकक्ष कमी झाला की आपले घर खालच्या गटातील घरांच्या रांगेत जाऊन बसते.

ओळंबा:

वरील मताशी सहमत आहे. फक्त ओलीच्या बाबतीत घाईने स्नानगृह फोडू नका, कारण ओल कोठून येते हे कळल्याशिवाय केलेले वॉटरप्रूफिंग म्हणजे निदानाआधीचे औषध आहे.

आधी ओल भिंतीच्या आतून येते की हवेतील बाष्प थंड भिंतीवर साचते, ते तपासावे. भिंतीच्या कोरड्या पुसलेल्या भागावर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब कागदाच्या खोलीकडील बाजूला दिसले तर दोष वायुवीजनाचा आहे, आणि कागदाच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येत आहे. दुसऱ्या स्थितीत ते स्नानगृह काही दिवस अजिबात वापरू नये, परंतु त्याच्या नळ्यांना येणारा पाणीपुरवठा बंद करू नये; नळ मात्र उघडू नयेत. तरीही ओल वाढत राहिली तर भिंतीत गाडलेली दाबाची, म्हणजे नळांना पाणी पुरवणारी, नळी गळत असण्याचा संभव अधिक असतो आणि प्लंबरकडून दाबचाचणी करून ते निश्चित करता येते. वापर थांबताच ओल कमी होऊ लागली, तर दोष फरशीत, नहाणी ट्रॅपच्या (फरशीतील पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्यात किंवा सांडपाण्याच्या नळीत असतो. ती भिंत बाहेरची असेल आणि ओल पावसाबरोबर वाढत असेल, तर स्नानगृहाचा त्यात काहीच अपराध नसून बाहेरचा गिलावा पाहावा लागेल. या तिन्ही दुरुस्त्यांच्या खर्चात मोठी तफावत आहे, म्हणून तपासणीला दिलेला वेळ वाया जात नाही.

फरशी फोडावीच लागली तर खालचा जुना थर स्लॅबपर्यंत काढावा, उतार दर मीटरला १० ते १५ मिलिमीटर ठेवावा, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवरही चढवावा आणि शॉवरच्या बाजूला तो डोक्याच्या उंचीपर्यंत न्यावा. टाइल्स लावण्यापूर्वी ट्रॅप बंद करून पाणी किमान २४ तास, शक्यतो ४८ तास साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावरील छत प्रत्यक्ष जाऊन पाहावे. ही चाचणी टाळण्याकडे कारागिरांचा कल असतो, म्हणून ती करारातच लिहून घ्यावी.

स्नानगृहाच्या स्लॅबच्या खालच्या बाजूचे काँक्रीट फुगलेले किंवा सळईच्या रेषेत तडकलेले असेल, तर ते केवळ गिलावा करून झाकू नये. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतील सळईचे संरक्षण होते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे तो गुण हळूहळू कमी होतो आणि त्यात ओलावा मिळाला की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, त्यामुळे वरचे काँक्रीट आतून ढकलले जाऊन फुटते. अशा वेळी संरचना अभियंत्याला बोलवावे, कारण हा प्रश्न आपल्या एकट्या घराचा राहत नाही.

दर्शनी:

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी घरांचे खरेदी-विक्री व्यवहार करून देतो आणि रोज जे पाहतो ते असे आहे की ग्राहक दारातून आत आल्यावर पहिल्या काही मिनिटांतच मनाशी निर्णय घेतो आणि पुढचा सगळा वेळ त्या निर्णयाला कारणे शोधतो. भिंतीआड झालेल्या वॉटरप्रूफिंगचे त्याला कौतुक नसते. त्याला दिसतो तो रंग, उजेड, स्वच्छ नळ, नीट लागणारी दारे आणि वास नसलेले स्नानगृह. म्हणून खर्च आणि परतावा यांचे प्रमाण पाहिले तर विक्रीच्या तोंडावर दिलेला फिकट, एकसारखा रंग, बदललेले दिवे, घासून स्वच्छ केलेली फरशी आणि निम्मे सामान बाहेर काढून मोकळी झालेली घराची जागा यांना तोड नाही. शिवाय या कामांमुळे घर लवकर विकले जाते, आणि नव्या घराचे हप्ते सुरू झालेल्या माणसाला हा लाभ किमतीतील वाढीइतकाच महत्त्वाचा असतो.

फॉल्स सीलिंगला माझा विरोध आहे. त्यामुळे खोलीची उंची १० ते १५ सेंटिमीटरने कमी होते, त्याची नक्षी काही वर्षांत जुनाट दिसते आणि जाणता ग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतो की वर काय झाकले आहे.

ओळंबा:

झाकलेल्या कामाचे श्रेय मिळत नाही, हे दर्शनी यांचे म्हणणे खरे आहे, पण पुरावा ठेवला नाही तरच. भिंत बंद करण्यापूर्वी नळ्या आणि वायरिंगची छायाचित्रे मापाची टेप लावून काढावीत, पाणी साठवण्याच्या चाचणीचे छायाचित्र तारखेसह ठेवावे आणि साहित्याची बिले व हमीपत्रे एका फाइलमध्ये लावावीत. ती फाइल ग्राहकाच्या हातात दिली की त्याची शंका फिटते आणि वर मोजपट्टी यांनी जी भीतीपोटीची वजावट सांगितली, तिला आधार उरत नाही. आणि ओल न काढता रंग दिला तर तो विक्री होईपर्यंत टिकेलच याची खात्री कोणी देऊ नये. दुरुस्तीनंतरही भिंत पूर्ण वाळायला कित्येक आठवडे लागतात.

उंबरठा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंत पाडण्याचा आणि फॉल्स सीलिंगचा विचार सोडला आहे. ओलीची तपासणी या आठवड्यातच सुरू करतो. आता दोन शंका उरतात. तक्रार नसताना वायरिंगला हात लावावा का? आणि स्वयंपाकघर, फरशी व खिडक्या यांपैकी आत्ता काय करावे आणि विक्रीच्या वेळेपर्यंत काय थांबवावे?

तारमार्ग:

वायरिंगपुरते लिहितो. तक्रार नाही याचा अर्थ ते सुरक्षित आहे असा होत नाही. २५ वर्षांपूर्वी घरातील वीजभार वेगळा होता. त्या वेळच्या तारांवर आता वातानुकूलन यंत्र, गीझर आणि ओव्हन एकाच वेळी चालत असतील, तर तारांचे आवरण तापून ठिसूळ होते. परवानाधारक तंत्रज्ञाकडून इन्सुलेशन आणि अर्थिंग यांची चाचणी करून घ्यावी आणि त्याचा अहवाल लेखी मागावा. मुख्य पेटीत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर बाकी काही करा किंवा न करा, तो मात्र बसवाच. गळतीचा प्रवाह त्या मर्यादेपर्यंत गेला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो, साध्या एमसीबीला (जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावरच पडणाऱ्या स्विचला) ते जमत नाही. तारा बदलायच्या ठरल्या तर ते काम गिलावा, रंग आणि स्वयंपाकघराची कपाटे यांच्या आधी व्हायला हवे. नव्या टाइल्स फोडून तारा ओढणे हा सर्वांत महागडा क्रम आहे, आणि तो नेहमी पाहायला मिळतो.

मोजपट्टी:

दुसऱ्या शंकेसाठी एक सोपा हिशेब सुचवतो. कामाच्या खर्चातून किमतीत अपेक्षित असलेली वाढ वजा करावी आणि उरलेल्या रकमेला वापराच्या वर्षांनी भागावे. समजा, स्वयंपाकघराला १०० एकक खर्च झाला आणि पाच वर्षांनी किमतीत ५० एककच वाढ मिळाली, तर त्या सोयीसाठी आपण वर्षाला १० एकक मोजले. तेच काम विक्रीच्या आदल्या महिन्यात केले आणि नवेपणामुळे ६० एकक परत आले, तर कागदावर परतावा चांगला दिसतो, परंतु ४० एकक गेले आणि आपण त्या ओट्यावर एक दिवसही काम केले नाही. म्हणून रोज वापरायच्या गोष्टी आत्ता कराव्यात आणि केवळ दिसण्याच्या गोष्टी शेवटी.

स्वयंपाकघरात कपाटांचे सांगाडे मजबूत असतील तर फक्त दारे, बिजागऱ्या, ओट्यावरील दगड आणि नळ बदलून बहुतेक परिणाम साधतो. सिंकची जागा शक्यतो हलवू नये, कारण सांडपाण्याच्या नळीला उतार मिळवण्यासाठी फरशी उचलावी लागते आणि तेथेच पुढच्या गळतीची सोय होते.

फरशी फुटलेली किंवा पोकळ वाजत नसेल तर ती पॉलिश करून ठेवावी. जुन्या फरशीवरच नवी बसवण्याचा सल्ला कोणी देईल, पण सिमेंटच्या थरासह तो भार प्रति चौरस मीटर सुमारे ७० किलोपर्यंत जातो, सर्व दारे खालून कापावी लागतात आणि स्नानगृहाच्या उंबऱ्याची पातळी बिघडते.

खिडक्यांबाबत माझे मत थोडे वेगळे पडेल. लाकूड कुजले नसेल तर दुरुस्ती, नवे रबरी सील आणि रंग यांवर भागवावे. सरकत्या खिडकीची एका वेळी निम्मीच जागा उघडते आणि तिच्या फटींतून येणारा आवाज व धूळ बाहेर उघडणाऱ्या खिडकीपेक्षा सहसा जास्त असते. बदलायच्याच असतील तर आधी सोसायटीचे नियम पाहावेत. बाहेरून दिसणाऱ्या खिडक्यांची रचना परवानगीविना बदलली असेल किंवा बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल, तर ग्राहकाच्या बँकेचा मूल्यांकनकार असे वाढवलेले क्षेत्र मोजत नाही, आणि काही वेळा कर्जमंजुरी त्याच मुद्द्यावर अडते.

कोणतेही काम काढताना अंदाजपत्रकाच्या १५ ते २० टक्के रक्कम राखून ठेवावी. २५ वर्षांच्या घरात टाइल उचलल्यावर खाली काय निघेल ते कंत्राटदारालाही ठाऊक नसते. स्नानगृहाचे अंदाजपत्रक आले की ते येथे टाकावे, त्यात पाणी साठवण्याची चाचणी आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च धरला आहे का ते पाहता येईल.