मदत हवी आहे: इजा मज्जारज्जूला, रॅट जातायत फुप्फुसाने

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष. विस्टार रॅटच्या छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर बारीक फुगा सरकवून मज्जारज्जूवर पाच मिनिटं दाब द्यायचा, हे आमचं मॉडेल. समितीची परवानगी आहे, हातही बसलाय. पण या बॅचमध्ये सहापैकी दोन रॅट फुगा काढल्यावर पंधरा मिनिटांत गेले. आधी श्वास खरखरला, मग नाकपुडीशी गुलाबी फेस. उघडून पाहिलं तर फुप्फुसं जड, टम्म, गडद लाल डागांची. कापल्यावर अक्षरशः पाणी गळलं.

गाईड म्हणतात, न्यूमोनिया, स्पायनलच्या जनावरांना होतोच. होतो, मान्य. पण पंधरा मिनिटांत? डायफ्रॅम, म्हणजे श्वासाचा पडदा, लुळा पडला म्हणावं तर त्याच्या नसा मानेतून निघतात, आम्ही कितीतरी खाली आहोत. बदल एकच केला होता: रॅट दगावू नयेत म्हणून आयसोफ्लुरेन (हुंगवून द्यायचं भुलीचं औषध) अडीच टक्क्यांवरून दीडवर आणलं. कमी भूल म्हणजे जास्त सुरक्षित ना? उरलेले चार ठीक आहेत, रोज दोनदा पोट दाबून लघवी काढते. त्यांना डेटात धरू का? गुरुवारी पुढची बॅच आहे.

जुना_पिंजरा: ताई, तुमचा तो 'एकच बदल'च नडला असावा. लक्षणं न्यूरोजेनिक पल्मनरी एडिमाची वाटतात, म्हणजे मज्जासंस्थेला धक्का बसून फुप्फुसात पाणी भरण्याची. दाब पडताच सिम्पथेटिक नसा (रक्तवाहिन्या आवळणाऱ्या) एकदम भडकतात, रक्तदाब उसळतो, हृदयाची गती उलट मंदावते, रक्त फुप्फुसात तुंबतं आणि केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं. प्रागच्या गटाने 2007 साली नेमकं हेच दाखवलं, तुमच्यासारखंच फुग्याचं मॉडेल वापरून: दीड टक्का आयसोफ्लुरेनवर एडिमा जास्त, तीनवर कमी. हलक्या भुलीत ही उसळी दबत नाही. फुगवण्याआधी पंजा चिमटून बघितला होता का? पाय ओढला असेल तर भूल पुरेशी नव्हती, आणि मग प्रश्न फक्त फुप्फुसाचा राहत नाही.

न्यूमोनिया वेगळा, तो नंतर येतो. माईसमध्ये छातीच्या तिसऱ्या मणक्याशी इजा केली की जंतुसंसर्ग बळावतो, नवव्याशी केली तर तितका नाही, कारण वरच्या इजेने प्रतिकारशक्तीचा ताबाच सुटतो.

मेलेले दोन गाळू नका, संख्येसकट लिहा. उरलेले चार आधीच्या बॅचमध्ये मिसळू नका, भूल वेगळी होती. त्यांनाही थोडा एडिमा होऊन गेला असेल. फुप्फुसाचं ओलं वजन घेतलंत? पाणी किती साचलं ते त्यावरून कळतं.

धागाकर्ती: नाही हो, सरळ फॉर्मलिनमध्ये टाकली. आता स्लाईडवर जे दिसेल तेच. पंजा चिमटल्याची नोंद वहीत पहिल्या तिघांचीच आहे, गेलेले दोघे चौथा आणि सहावा. गुरुवारची बॅच पुढे ढकलली. उद्या व्हेटना वही दाखवते, गाईडना त्यानंतर.