न भरणाऱ्या जखमा : धुण्या-पुसण्याचे तुमचे अनुभव लिहा

बाबांच्या टाचेची जखम भरायला सात महिने लागले, त्यातले पहिले दोन मी वाया घालवले. वीस वर्षांचा मधुमेह, पाय बधिर. चपलेतला खिळा टोचला तेही त्यांना कळलं नाही. मी रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचे. पांढरा फेस उसळला की वाटायचं, घाण निघतेय. शेवटी ड्रेसिंगच्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, हा फेस रक्तावर आणि चांगल्या मांसावरही येतो. नवीन धरलेलं मांस तुम्ही रोज जाळताय." त्यांनी वीस मिलीच्या सिरिंजमध्ये सलाईन (निर्जंतुक मिठाचं पाणी) भरलं आणि बारीक धार जखमेच्या तळापर्यंत फिरवली. बाबांना काही जाणवलंही नाही. कडेचा पिवळा, बुळबुळीत थर मात्र धुऊन जाईना. तो सर्जननी चिमट्यात धरून ब्लेडने काढला, तेव्हा खाली लाल, दाणेदार मांस दिसलं.

तुमच्याकडे काय केलं, काय चुकलं, मोकळेपणाने लिहा. कुणाच्या तरी बाबांचे दोन महिने वाचतील.

लातूरहून
सासूबाईंची पाठ लागली, म्हणजे सतत पडून राहून दाबाने जखम झाली. माकडहाडावर आधी रुपयाएवढा काळा डाग, मग आत पोकळी. मी वाळलेला गॉज तसाच ओढायचे आणि त्या उशी दातात धरायच्या. गॉज सलाईनने भिजवून पाच मिनिटं थांबायचं, मग तो आपसूक सुटतो, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. त्याचं अजून वाईट वाटतं. वासामुळे नातवंडं खोलीत यायची बंद झाली होती. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची जेल दिली, चार दिवसांत वास कमी झाला. दर दोन तासांनी कूस बदलणं मात्र रात्रीही चुकवलं नाही.

कोल्हापूरहून, एसटीचा निवृत्त वाहक
घोट्याच्या आतल्या बाजूला तीन वर्षं जखम. रोज स्वच्छ धुवायचो, मलम बदलायचो, पण भरत नव्हती. दोष शिरांचा होता : व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या शिरा), पायात साचलेलं रक्त. डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) करून धमन्या ठीक आहेत हे बघितलं, मग बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्ट्या बांधल्या. चार महिन्यांत कातडी आली. तपासणीशिवाय बांधू नका. धमनी आधीच अरुंद असेल तर पाय काळा पडतो.

चंद्रपूर जिल्ह्यातून
मी कुष्ठरोग कार्यक्रमात पॅरामेडिकल कर्मचारी होतो. औषधाने रोग बरा होतो, गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. आम्ही रुग्णांना शिकवायचो : साध्या पाण्यात वीस मिनिटं पाय बुडवा, जखमेभोवतालची जाड कातडी वजरीने हलक्या हाताने घासा, पाय ओला असतानाच तेल लावा. कडेचा घट्टा तसाच राहिला की चालताना तोच जखमेवर दाब देतो आणि आतलं मांस फाटतं. एक आजोबा भाकरी थापायच्या परातीत पाय भिजवायचे, घरात दुसरं भांडं नव्हतं. आम्ही त्यांना वेगळं घमेलं आणून दिलं. त्यांची जखम पावसाळा संपायच्या आत मिटली.

इंग्लंडमधल्या लेस्टरहून
ऐकून अंगावर काटा येईल, पण माझ्या दिरांच्या पायावर अळ्या लावल्या होत्या! इथे २००४ पासून डॉक्टर त्या चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात. टी-बॅगसारख्या जाळीदार पुरचुंडीत निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या असतात. त्यांच्या स्रावाने मेलेलं मांस विरघळतं, तेवढंच त्या शोषतात. जिवंत मांसाला धक्का लागत नाही. चार दिवसांनी पुरचुंडी काढली तेव्हा अळ्या फुगलेल्या आणि जखम गुलाबी. अमेरिकन सर्जन विल्यम बेअर यांनी पहिल्या महायुद्धात रणांगणावर पडून राहिलेल्या सैनिकांच्या जखमांमध्ये हेच पाहिलं होतं. माश्या बसून आपोआप झालेल्या अळ्या मात्र वेगळ्या, त्या दिसल्या तर थेट डॉक्टरांकडे जा.

पुन्हा मी, बाबांची मुलगी
घरी सलाईन करता येतं का, असं दोघांनी विचारलंय. आमच्या सिस्टरांनी सांगितलेलं : लिटरभर पाणी दहा मिनिटं उकळा, ९ ग्रॅम मीठ घाला, झाकून कोमट होऊ द्या. गार पाण्याने जखम थंडावते आणि भरणं मंदावतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. आणि लाली वर चढू लागली, ताप आला किंवा बोट काळं दिसलं, तर घरी धूत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.