टाइप १ मधुमेह, लेक १२ वर्षांची: इन्सुलिन तिच्या हातात कधी द्यावं?

जुळेसोलापूर_आई:
लेकीला चार वर्षांपासून टाइप १ आहे. दिवसाला चार इंजेक्शनं, सगळी मीच देते. आता शाळेची सहल विजापूर-बदामीला जातेय, एक मुक्काम. ती म्हणते, "माझं मी घेते." माझ्या पोटात गोळा येतोय. तुम्ही सुरुवात कशी केली? पाठवू का?

शेंगाचटणी:
माझा मुलगा आता कॉलेजला आहे. सुई हातात देण्याआधी डॉक्टरांपुढं गप्प बसायला शिका, खरंच सांगते. ते विचारायचे त्याला, उत्तर द्यायची मी. एकदा त्यांनी मला हातानंच थांबवलं. पोरगा बराच वेळ पंख्याकडं बघत बसला, मग म्हणाला, "मधल्या सुट्टीत खेळलो की हात थरथरतात." मला पत्ताच नव्हता!

घरी आधी साखर तपासणं त्याच्याकडं दिलं, मग युनिट भरणं, टोचणं शेवटी. पण भरलेलं मी बघितल्याशिवाय टोचायचं नाही, हा नियम बरीच वर्षं चालला. कुपीवर ४० आहे की १०० (म्हणजे एका मिलीलीटरमध्ये इन्सुलिनची किती युनिटं), ते मोठ्यानं वाचायला लावायचे. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी. १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये तिच्या खुणेप्रमाणं भरलं तर अडीचपट डोस जातो. इन्सुलिनचं पेन (आकडा फिरवून डोस लावायचा, सिरिंज भरायची नाही) असेल तर ही कटकट नाही.

आणि जागा बदलते का बघा. आमचा पठ्ठ्या सोयीची म्हणून उजव्या मांडीतच टोचायचा. तिथं गाठ आली, साखर कशीही वरखाली.

बाकावरचे_सर:
पाठवा. पण नुसती चिठ्ठी नको, सहलीच्या सरांना समोरासमोर भेटा. साखर बसच्या टपावरच्या बॅगेत नाही, तिच्या खिशात. घाम, थरथर, उगाच चिडचिड दिसली की तपासायचं, कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासायचं. बेशुद्ध पडली तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही हे ठाऊक हवं. (चिडचिडीला आम्ही मास्तर लोक 'आगाऊपणा' म्हणून मोकळे होतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.)

गड्ड्यातला_पाळणा:
मी स्वतः टाइप १ वाला, वय २४. मीटरवर ३०० दिसलं की आई ओरडायची, म्हणून वहीत १४० लिहायचो. गड्ड्याच्या जत्रेत जिलेबी खाल्ली की हमखास. "काय खाल्लंस?" ऐवजी "आता काय करायचं?" विचारा ओ. आणि कुपी गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नका, आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो. लाईट गेली की आम्ही ती बंद डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवतो.

जुळेसोलापूर_आई:
रात्री तिला भरू दिलं. ८ ऐवजी ९ भरलं. माझा हात पुढं गेला होता, मागं घेतला. तिचं तिलाच दिसलं, तिनं एक युनिट कमी केलं. सरांना सोमवारी भेटते. सहलीपुरतं पेन चालेल का, ते डॉक्टरांना तीच विचारणार आहे म्हणे. मला बाहेर बाकावर बसायला सांगितलंय.