शब्दचर्चा: अंडपेशीतील वळसे आणि ‘अभिव्यक्ती’

प्रश्न (मालवण): बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी माशांच्या अंडपेशींवर मराठीत टिपण लिहीत आहे. वाढत्या अंडपेशीत गुणसूत्रांतून डीएनएचे वळसे बाहेर आलेले दिसतात, तेथे ‘जनुकांची अभिव्यक्ती होते’ असे म्हणावे काय? आपल्याकडचा ‘गाबोळी’ हा शब्द येथे चालेल का?

उत्तर (रत्नागिरी): गाबोळी म्हणजे अंड्यांनी भरलेला अख्खा अंडाशय, एका पेशीसाठी ‘अंडपेशी’च योग्य.

‘अभिव्यक्ती’ मात्र मी येथे वापरणार नाही. डीएनएवरून आरएनए तयार होणे आणि बहुतेक जनुकांच्या बाबतीत त्यावरून पुढे प्रथिन घडणे, हा सगळा प्रवास त्या शब्दात येतो. वळशांवर सूक्ष्मदर्शकातून दिसते ती त्यातली पहिलीच पायरी, म्हणजे प्रतिलेखन. वळशाचा गाभा डीएनएचा असतो आणि त्याभोवतीचे वेष्टण तयार होत असलेल्या आरएनएचे व त्याला चिकटलेल्या प्रथिनांचे असते. आरएनएचे धागे पुढे पुढे लांबत जातात, म्हणून अनेक वळसे एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड दिसतात. असे बनलेले बरेचसे संदेशवाहक आरएनए अंडपेशी राखून ठेवते आणि त्यातल्या पुष्कळशा रेणूंचे भाषांतरण, म्हणजे त्यांवरून प्रथिन घडणे, फलनानंतर, भ्रूणाच्या सुरुवातीच्या विभाजनांच्या काळात होते. ‘अभिव्यक्ती’ वाचून विद्यार्थी प्रथिन तेथल्या तेथे घडले असे समजेल, आणि अंडपेशीची ही विलक्षण तरतूद त्याच्या नजरेतून निसटेल.

प्रश्न (मालवण): आभारी आहे. अशा वळसेदार गुणसूत्रांच्या ‘लॅम्पब्रश गुणसूत्र’ या नावाला मराठी पर्याय द्यावा काय?

उत्तर (रत्नागिरी): नाव तसेच ठेवावे, पण त्याचा उगम अवश्य सांगावा. ही रचना वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये पाहिली; १८९२ मध्ये योहानेस रूकर्ट यांनी शार्कच्या, म्हणजे आपल्या मुशीच्या कुळातील माशाच्या, अंडपेशींत तिचे वर्णन केले आणि दिव्याची काच साफ करण्याच्या ब्रशावरून तिला हे नाव दिले. कंदिलाच्या काचेत फिरवायचा, चहूबाजूंनी केस असलेला ब्रश, एवढे सांगितले की चित्र उभे राहते. अर्धगुणसूत्री विभाजनाची (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाची) पूर्वावस्था, म्हणजे पहिली अवस्था, लांबलेली असतानाच हे वळसे दिसतात, हेही नोंदवावे. मासे, बेडूक, पक्षी यांच्यात ते ठळक असतात. सस्तन प्राण्यांत अशी नमुनेदार लॅम्पब्रश गुणसूत्रे आढळत नाहीत, त्यामुळे ‘सर्व प्राण्यांत’ असे लिहू नये.