राणीला पायोमेट्रा झालाय, वाई-सातारा भागात कमी खर्चात ऑपरेशन कुठे होईल?

शिवणटिपण:
राणी आमची आठ वर्षांची पामेरियन कुत्री. महिन्यापूर्वी माजावर येऊन गेली. चार दिवस झाले, भांडंभर पाणी पिते पण खात नाही, उलट्या करते, सारखी शेपटीखाली चाटत बसते. आज तिच्या गोणपाटावर पिवळट-तांबूस डाग दिसला. सोनोग्राफीत गर्भाशयात पू निघाला, यालाच पायोमेट्रा म्हणतात. डॉक्टर म्हणाले, गर्भाशय काढावंच लागेल, 25,000 रुपये होतील. यजमानांचं काम सध्या बंद आहे, मी घरी ब्लाउज शिवते. इंटरलॉकचं मशीन विकायला काढलंय, पण गिऱ्हाईक लगेच कुठून मिळणार? पुण्यात दोन संस्थांना फोन केला. दोघांनीही "पाळलेली आहे ना?" एवढं विचारून नाही म्हटलं. कोणी मदत करणारं आहे का?

निवडुंग:
ताई, उद्या सकाळीच शिरवळ गाठा. खंबाटकी ओलांडली की क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे शिकवणारा दवाखाना आहे. आमच्या काळ्याच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा मी त्याला तिथेच नेला होता. केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचं. टेबलाभोवती दहा-बारा मुलं वह्या घेऊन उभी असतात, त्याला बिचकू नका. शुल्क बाहेरच्या मानाने फार कमी, पण सलाईन, टाक्यांचा दोरा, इंजेक्शनं बरेचदा बाहेरून आणावी लागतात, तेवढे पैसे जवळ ठेवा. सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट नक्की न्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. निघण्याआधी फोन करून सर्जरीचे डॉक्टर आहेत का ते विचारा.

उंबरठा:
मी भटक्या कुत्र्यांसाठी काम करते, म्हणून संस्थांबद्दल सांगते. देणगी भटक्यांच्या नावाने आलेली असते, ती पाळीव जनावरावर खर्च करता येत नाही. त्यामुळे नकार येतो, तो मनाला लावून घेऊ नका. कुणी "रस्त्यावरची आहे म्हणून सांग" असं सुचवेल, तसं करू नका. उलट त्याच संस्थेला विचारा की कमी दरात ऑपरेशन करणारा त्यांच्या ओळखीचा डॉक्टर कोण. आम्ही अशी नावं आनंदाने देतो. ऑनलाइन पैसे गोळा करायला दिवस जातात आणि पायोमेट्रा थांबत नाही, पुवातलं विष किडनीवर जातं. स्राव बाहेर येतोय हे त्यातल्या त्यात बरं. गर्भाशयाचं तोंड बंद असतं तर धोका आणखी मोठा. पैसे उभे करायचेच असतील तर ऑपरेशननंतरच्या बिलासाठी करा आणि ते थेट दवाखान्याच्या खात्यात जाऊ द्या.

आणि कळकळीने सांगते, ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. तिची किडनी आधीच ताणात आहे.

परळकर:
ताईंना लांब पडेल, पण मुंबईचं कुणी वाचत असेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय लक्षात ठेवा. 1874 साली स्थापन झालेली प्राणी अत्याचार प्रतिबंधक संस्था ते चालवते. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय सुरू झालंय. मोठं आणि सुसज्ज आहे, पण फुकट असेल असं धरून जाऊ नका.

निवडुंग:
एक राहिलं. आज रात्री त्रास वाढला तर आधीच्याच डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "माझ्याकडे आत्ता इतकेच आहेत, बाकी हप्त्याने देते." आपण विचारतच नाही हो, लाजतो. खर्चाचा अंदाज कागदावर मागा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी जास्त येतात, पण तिथे कुत्रंही बघतात. शिरवळला पोचेपर्यंत सलाईन आणि अँटिबायोटिक तिथे सुरू करता येतील का ते विचारा.

शिवणटिपण:
नऊ दिवसांनी लिहितेय. दुसऱ्याच दिवशी शिरवळला नेली, ऑपरेशन झालं. निघालेलं गर्भाशय डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवलं, माझ्या मनगटाएवढं जाड होतं. एवढ्याशा जीवात ते होतं, हे बघून मला रडू आवरेना. बहुतेक पैसे औषधांनाच गेले, आणि मशीन विकावं लागलं नाही.

गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर ती भिंतीवर आपटायची, म्हणून जुन्या परकराचा चार पायांचा अंगरखा शिवला. पाठीवर नाड्या, पोटाला दुहेरी कापड, शेपटीखाली मोकळा. टाक्यांना जीभ लागत नाही आणि निवांत झोपते. कुणाला हवा असेल तर कुत्र्याची गळ्यापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि छातीचा घेर लिहा, मी कापडाची बेतणी काढून देते.