बायांची कामं, माणसांची कामं: नागपूरकरांनो, तुमच्या घरी काय चालतं?

लग्नाच्या पंगतीत मी वाढायला उभा राहिलो की शाबासकी मिळते. घरी जेवणं झाल्यावर ओटा पुसायला घेतला की आईचा चेहरा उतरतो. म्हणून हा धागा. भाषण नको. बाई म्हणून, पुरुष म्हणून तुमच्याकडून काय धरून चालतात आणि तुम्ही त्याचं काय केलं, तेवढंच लिहा. नावं टाकू नका, नातेवाईक इथंही वाचतात.

इतवारीतली सून
रविवारचं सावजी मटण आमच्याकडे सासरेच करतात. पाहुणे म्हणतात, काकांच्या हाताला काय चव आहे! कांदे मी चिरते, खोबरं-खसखस मी भाजते, वाटण माझं, मागची भांडी माझी. काका फोडणी देतात आणि तर्री किती आली ते पाहतात. सोमवारच्या वरणभाताला कोणी हाताची चव विचारत नाही.

उत्तर: वहिनी, आमचे बाबा मसालाही स्वतः वाटतात. मग आठवडाभर सांगत फिरतात.

नंदनवन, बुटीबोरीत नोकरी
वय ३४. स्थळ पाहायला गेलं की आधी पॅकेज, मग पुण्यात काऊन नाही, मग फ्लॅट स्वतःचा का. बाबांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर मोजणीत येत नाही. बायांवर ओझं जास्त, मान्य. पण ही घासाघीस बाबांसमोर चालते आणि ते मान खाली घालून चहा पीत राहतात, ते मला पाहवत नाही.

उत्तर: भाऊ, पॅकेज आता मुलीलाही विचारतात. वरून पोळ्या गोल येतात का तेही.

इंदोरा
१९४२ च्या जुलैत नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, त्याला माझी पणजी गेली होती. लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभं राहावं, गुलाम होऊ नये, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. पणजीनं ते आजीला सांगितलं, आजीनं आईला. आई शिकली, शिक्षिका झाली. तरी शाळेतून आल्यावर चहा तीच टाकते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाबा दीक्षाभूमीजवळच्या स्टॉलवर रात्रभर हौसेनं जेवण वाढतात. घरी स्वतःचं ताट उचलत नाहीत. विचारलं तर हसतात. मला त्या हसण्याचाच राग येतो.

नवी आई, मनीषनगर
१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा राज्याचा नियम आहे. लेकीच्या कागदांवर माझं नाव आलं, छान वाटलं. पण रजा मला २६ आठवडे, आणि खाजगी कंपनीतल्या नवऱ्याला कायद्यानं एक दिवसही नाही. रात्री कोण जागणार, हे तिथंच ठरलं.

महाल
तान्ह्या पोळ्याला माझी पोट्टी लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायला गेली. एका काकूंनी विचारलं, "भाऊ नाही का तुला?" ती म्हणाली, "नंदी माझा आहे न!" दहा रुपये घेऊन आली.

काटोलची लेक, आता धरमपेठ
माहेरी संत्र्याची वडिलोपार्जित बाग. बाबांच्या तेरवीनंतर भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. "ताई, सही करून दे, माहेर तुटायला नको." महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. माझं लग्न आधीचं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. बाप २००५ मध्ये हयात असो-नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे सगळं मी भावाला समजावलं. त्याला ते आधीच ठाऊक होतं, म्हणून तर कागद आणला होता.

सही केली नाही. सगळ्यात जास्त बोलली ती आत्या, जिनं स्वतः साडीचोळीवर हिस्सा सोडला होता. "आम्ही नाही का सोडलं?" भावापेक्षा तिचंच मला जास्त लागलं. सातबाऱ्यावर आज माझं नाव आहे. बहराचा हिशेब भाऊ देत नाही, मी अजून मागितलेला नाही. यंदा मागणार आहे.

उत्तर: ताई, धाकट्या बहिणीनं सही केली का?

केली. तिला भाऊबिजेचं बोलावणं येतं. माझ्या हिश्शाचं काय झालं, हे मात्र ती दर वेळी हळूच विचारते.